स्टॉलवरचा डेमो: एक दावा, सात मिनिटं आणि भरपूर जादा पाऊच

प्रदर्शनाच्या गल्लीतून जाणारा माणूस तुमचा फलक वाचत नाही. काहीतरी कापलं जातंय, भरलं जातंय, कुणाचे तरी हात कशात गुंतलेत असं दिसलं की मात्र पाय आपोआप मंदावतो. म्हणून डेमोची वेळ नसतानाही टेबलावर काहीतरी चालू ठेवा. हाताची घडी घालून गल्लीकडे तोंड करून उभ्या असलेल्या विक्रेत्याला बघून लोक नजर चुकवतात. मान खाली घालून काम करणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतात.

डेमो बसवताना सगळ्यात मोठी चूक होते ती सगळंच दाखवायच्या हौसेपायी. यंत्राला अकरा सोयी आहेत म्हणून अकराही दाखवायला घेतल्या, तर चौथ्या सोयीपर्यंत समोर फक्त शेजारच्या स्टॉलवरचा मुलगा उरतो. एकच दावा निवडा, आणि तो बघणाऱ्याला जागच्या जागी तपासता आला पाहिजे. ‘आमचं सील मजबूत आहे’ ही नुसती जाहिरात झाली. ‘हा पाण्याचा पाऊच दोन्ही हातांनी दाबा, थेंब येणार नाही’ हा दावा झाला.

बँड सीलरचंच, म्हणजे फिरत्या पट्ट्यांमध्ये पाऊचचं तोंड धरून ते उष्णतेने चिकटवणाऱ्या यंत्राचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात डेमो फसण्याच्या बहुतेक जागा आहेत. पाणी दाखवायचं तर उभं मॉडेल लागतं. आडव्यावर भरलेला पाऊच आडवाच जातो आणि तोंडातून पाणी सांडतं. पाण्यात निळा खाण्याचा रंग घाला, म्हणजे गळती चार पावलांवरूनही दिसते. खाली काठ असलेला ट्रे ठेवा, आणि विजेचा बोर्ड टेबलाखाली जमिनीवर न ठेवता उलट बाजूला, उंचावर बसवा.

सुरुवात बिघाडाने करा. मुद्दाम कमी तापमानावर सील केलेला पाऊच ट्रेवर दाबायचा. निळं पाणी फुटून बाहेर येतं आणि ज्याच्या मालाची अशी गळती झालेली असते तो तिथेच थांबतो. यात अर्ध्या मिनिटाच्या वर जाऊ नका. मग नवा पाऊच भरायचा, तोही नरसाळ्याने, कारण तोंडाची आतली बाजू ओली राहिली तर सील करताना त्या पाण्याची वाफ होते, सीलमध्ये बुडबुडे पडतात आणि तिथूनच गळतं. पाऊच पट्ट्यातून बाहेर आला की लगेच कुणाच्या हातात देऊ नका. गरम सील कच्चं असतं, ताण आला की उघडतं. वीस-तीस सेकंद थंड होऊ द्या. बोलायचे आकडे नेमके याच वेळात बोलायचे: तापमान किती ठेवलंय, पट्ट्याचा वेग किती, फिल्म म्हणजे पाऊचचं प्लॅस्टिक कसलं. मग पाऊच समोरच्या माणसाच्या हातात. त्याने दाबायचा, तुम्ही नाही. तुम्ही दाबलात की लोकांना वाटतं, हळू दाबला असेल.

हे सगळं सात मिनिटांत बसतं. पाच मिनिटांत बसवता आलं तर आणखी चांगलं.

आता फसतं कुठे ते. डिस्प्लेवर तापमान आलं म्हणजे यंत्र तयार झालं असं नाही. तापवणारे धातूचे ठोकळे पूर्ण तापायला आणखी दहा मिनिटं द्या, नाहीतर पहिले काही पाऊच गळतात. घाईत पट्ट्याचा वेग वाढवला की फिल्मला उष्णता कमी मिळते, सील दिसायला नीट आणि आतून अर्धवट. एसीचा झोत थेट यंत्रावर येत असेल तरी हाच प्रकार होतो. म्हणून स्टॉल लावायच्या दिवशीच झोत कुठून येतो ते बघून टेबल सरकवा.

विजेचं गणित सगळ्यात आधी करायचं, आणि सगळ्यात शेवटी केलं जातं. प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचे वॅट लिहा, बेरीज करा, वर पंचवीस टक्के धरा आणि तेवढा लोड आयोजकांच्या फॉर्मवर मागा. कॉम्प्रेसरसारखी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते. बेरीज बरोबर असूनही एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच) पडतो तो त्यामुळे. अशी मोटर असेल तर फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा आणि सकाळी सगळ्यात आधी ती एकटी सुरू करा, मग बाकीचं. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं आवरण वितळतं. बहुतेक हॉलमध्ये रात्री वीज बंद करतात. फ्रिज किंवा सर्व्हर चालू ठेवायचा असेल तर चोवीस तासांची लाइन वेगळी मागावी लागते.

सॉफ्टवेअरचा डेमो असेल तर हॉलच्या वायफायवर विसंबू नका. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर शेकडो फोन, राउटर आणि ब्लूटूथ उपकरणं भांडत असतात. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये झकास चालतं, दुपारी गोल गोल फिरत बसतं. सगळं लॅपटॉपवरच चालेल अशी प्रत ठेवा, नेट लागतच असेल तर केबलची लाइन घ्या. नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपायची सोय बंद, आणि दाखवायचा डेटा खोटा पण खरा वाटेल असा. ग्राहकाचा खरा डेटा पडद्यावर कधीही नको.

जागेबद्दल. तीन बाय तीन मीटरच्या स्टॉलमध्ये डेमोचं टेबल अगदी गल्लीच्या काठावर लावायचा मोह होतो. तसं केलं की घोळका गल्लीत उभा राहतो, वाट अडते आणि आयोजक येऊन पांगवतात. टेबल साधारण एक मीटर आत घ्या, म्हणजे पुढची रांग तुमच्याच जागेत उभी राहील. टेबलाची उंची ९० ते १०० सेंटिमीटर. त्याहून खाली असेल तर दुसऱ्या रांगेला पाठी दिसतात, पाऊच दिसत नाही. स्पीकरचं तोंड घोळक्याकडे आणि थोडं खाली, गल्लीच्या लांबीत नको. शेजारी तक्रार करतात, आणि त्यांचं बरोबर असतं. माइक डोक्याला लावायचा घ्या, हात मोकळे हवेत.

साहित्य मोजून न्या. दर वीस मिनिटांनी डेमो, रोज आठ तास, तीन दिवस म्हणजे ७२ डेमो. प्रत्येकी तीन पाऊच धरले तर २१६. सराव, बिघडलेले आणि घरी न्यायला मागितलेले धरून ३५० न्या. टेफ्लॉनचे दोन जादा पट्टे, फ्यूज, पान्हे आणि जुने टॉवेलही.

माणसं तीन हवीत. एक दाखवणारा, एक घोळक्याच्या कडेला, एक आत बोलायला. कडेला उभ्या असलेल्याचं काम माहितीपत्रकं वाटणं नाही. कोण मान हलवतोय, कोण शेजाऱ्याच्या कानात काही सांगतोय, हे बघायचं. डेमो संपला की घोळका मिनिटभरात विरतो. त्या मिनिटात ‘काही मदत करू का?’ असं विचारलंत की ‘नाही, बघतोय फक्त’ हे उत्तर ठरलेलं. ‘तुमच्याकडे सध्या हे काम कसं करता?’ असं विचारा, माणूस बोलायला लागतो. त्याच्या कार्डाच्या मागे लगेच लिहा: माल काय, रोजचे नग किती, डेमोतल्या कुठल्या टप्प्याला त्याने प्रश्न विचारला. संध्याकाळी पन्नास कार्डं समोर पसरल्यावर चेहरे आठवत नाहीत.

एखादा स्वतःचा पाऊच खिशातून काढून ‘यावर करून दाखवा’ म्हणतो. हा माणूस सोन्यासारखा. पण भर घोळक्यात त्याचा पाऊच लावू नका. वेगळ्या थरांच्या फिल्मला वेगळं तापमान लागतं आणि पहिल्या झटक्यात ती जळते किंवा चिकटतच नाही. घोळका पांगल्यावर त्याला आत घ्या, दोन-तीन तापमानांवर तुकडे सील करा आणि त्यालाच ओढून बघू द्या.

तरीही ऐन वेळी गळतंच. तेव्हा झाकायला जाऊ नका. ‘तोंड ओलं राहिलं, म्हणून इथून गेलं’ असं एका वाक्यात सांगा आणि दुसरा पाऊच घ्या. कारण सांगता येतंय म्हटल्यावर जाणकार गिऱ्हाईक उलट जवळ सरकतं. मिनिटभरात दुरुस्त होत नसेल तर डेमो थांबवा, आधी केलेले पाऊच लोकांच्या हातात द्या आणि पुढच्या डेमोची वेळ सांगा.

संध्याकाळी हॉल रिकामा व्हायच्या आत पट्टे पुसून घ्या. चिकटलेलं प्लॅस्टिक दुसऱ्या दिवशी तापलं की सीलवर डाग पडतात. पंखा लावून यंत्र थंड करा आणि मगच बंद करा, नाहीतर तापलेल्या ठोकळ्यांमध्ये थांबलेला पट्टा तेवढ्याच जागी करपतो. ट्रे रिकामा करा, उरलेले पाऊच मोजा आणि कमी पडणार असतील तर त्याच रात्री मागवा.