बोअरचं जड पाणी आणि मलावीचे मासे

आमच्या अमळनेरच्या घरात बोअरचं क्षारांनी भरलेलं जड पाणी म्हणजे कायमची कटकट. नळांवर पांढरे थर, गिझर दोन वर्षांत बसलेला, डाळ शिजेस्तोवर गॅस फुकट. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना असंच जड पाणी मानवतं, हे वाचलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मग टेस्ट किटचे थेंब टाकून पाहिले. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ८.२! या माशांना साधारण ७.८ ते ८.६ लागतो. ज्या पाण्याला बारा वर्षं शिव्या घातल्या, तेच आता कामाचं निघालं.

हे मासे म्हणजे सिक्लिड. मलावीच्या सरोवरात त्यांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. खडकांच्या कपारीत राहणाऱ्यांना तिथे 'म्बुना' म्हणतात. गर्द पिवळे, निळे, काळ्या पट्ट्यांचे. गोड्या पाण्यात असा रंग सहसा बघायला मिळत नाही.

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घेतली. म्हणजे अडीचशे लिटर पाणी. काच आणि दगड धरून साडेतीनशे किलोच्या घरात वजन जातं, म्हणून शोकेसवर ठेवायचा विचार सोडला आणि वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतला. टाकीखाली थर्माकोल. दगड बोरी नदीतून आणले, काळे पाषाण, पोत्यात भरून. एक गोष्ट सुदैवाने आधी कळली: दगड तळाच्या काचेवर आधी रचायचे, वाळू नंतर. हे मासे दिवसभर वाळू उकरतात. वाळूवर दगड ठेवले तर एक दिवस ढीग सरकून काच फुटणार. मी दगडांखाली थर्माकोलचे तुकडे सरकवले आणि ढीग हाताने हलवून बघितला. वाळू धुण्यात मात्र अख्खा रविवार गेला. तेरावी बादली तरी गढूळच.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पुढची चूक माझीच, पण तिला एका दुकानदाराचा सल्लाही कारण होता. 'चार दिवस फिल्टर चालू ठेवा आणि मासे सोडा,' म्हणाला. जळगावहून आठ पिल्लं ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत घेऊन रेल्वेने आलो. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेऊ लागले, आठवड्यात तीन मेले.

कारण नंतर समजलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. पण हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे ज्या जास्त पीएचच्या जड पाण्याचं मी कौतुक करत होतो, तेच नव्या टाकीत जास्त घातक ठरलं. उरलेल्या पाचांना मित्राच्या जुन्या टाकीत हलवलं, त्याच्याच फिल्टरमधला जीवाणूंनी भरलेला मळका स्पंज आणून माझ्या फिल्टरमध्ये कोंबला, आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून थेंबांचे रंग बघत बसलो. घरचे म्हणायचे, मासे नाहीत तरी खायला घालतोय. पाच आठवडे! मग अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

तेव्हा कुठे मासे परत आणले, सोबत आणखी दहा. थोडे मासे ठेवले की दादा नर एकेकाला गाठून झोडतो, जास्त असले की राग वाटला जातो. तरी एकाला शेपटीपर्यंत फाडलेलं बघून दगडांची मांडणीच बदलली. हद्दी पुसल्या गेल्या आणि दोन दिवस सगळे गोंधळून शांत राहिले. खाणंही बेताचं. म्बुना बहुतेक शेवाळखाऊ, त्यामुळे स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे बरे. लाल किडे घातले तर पोट फुगून मरू शकतात.

खरी परीक्षा खानदेशच्या उन्हाळ्याने घेतली. यांना २४ ते २८ अंश लागतात आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४. पाणी ३२ वर गेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, म्हणून हवेचा पंप वाढवला आणि टाकीवरचं झाकण काढून छोटा पंखा पाण्यावर सोडला. कोरड्या हवेत कूलर जसा चालतो तसंच ते, दोन-तीन अंश उतरले. पण रोज चार-पाच लिटर पाणी उडायचं. क्षार मागेच राहतात, म्हणून भर बोअरची टाकली की पाणी आणखी जड होतं. मी आरओचं पाणी भरायला लागलो तशी माय कडाडली, "आते मासासले बी फिल्टरनं पानी?"

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, तेही पहाटे. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. वीज गेली तर हवेचा पंप इन्व्हर्टरवर. त्याला अशी कितीशी वीज लागते!

ऑगस्टमध्ये एक पिवळी मादी खाईना. हनुवटी फुगलेली, कपारीत एकटी. आजारी समजून औषध आणायला निघालो होतो, तेवढ्यात मित्र फोनवर हसला. ती अंडी तोंडात घेऊन बसली होती. सुमारे तीन आठवडे ती तशीच राहते. रोज सकाळी माय आधी तिला बघून यायची, मग चहा ठेवायची. एके दिवशी चहा ठेवायचा राहिलाच. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो तर ती काचेला नाक लावून बोरीच्या दगडांमधली पिल्लं मोजत होती. अकरापर्यंत पोचायची आणि कोणीतरी हलायचं.