डोईमागे सहा गाड्या दगड

वर्गणी म्हटलं की आपल्याला पावतीपुस्तक आठवतं. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या व्हिक्टोरिया या गावात 1908 साली सेंट फिडेलिस चर्च बांधायला काढलं, तेव्हाची वर्गणी पावतीवर मावणारी नव्हती. बारा वर्षांवरच्या, कम्युनियन (चर्चमधला भाकरी-वाइनचा प्रसाद) घेणाऱ्या प्रत्येकामागे 45 डॉलर आणि सहा गाड्या दगड! घरात आई-बाप आणि बारा ओलांडलेली चार मुलं असली की झाल्या 36 गाड्या. खाण गावाच्या दक्षिणेला सात मैलांवर, म्हणजे एका घराची नुसती ये-जाच पाचशे मैलांच्या वर. लेकुरवाळ्या घरांनी हा हिशेब कोणत्या तोंडाने ऐकला असेल!

हे लोक बोलायचे जर्मन, पण आले होते रशियातून. सम्राज्ञी कॅथरीनने 1763 मध्ये परदेशी शेतकऱ्यांना बोलावणं धाडलं, लष्करी चाकरीही माफ केली. म्हणून जर्मन कुटुंबं रशियातल्या वोल्गा नदीकाठी गेली. 1874 मध्ये सक्तीची भरती आली आणि दोन वर्षांत हर्झोग गावच्या कॅथलिकांनी कॅन्ससचा माळ गाठला. नव्या वस्तीचं नावही त्यांनी हर्झोगच ठेवलं. शेजारचं व्हिक्टोरिया जॉर्ज ग्रँट या स्कॉटिश माणसाने इंग्रजांसाठी वसवलेलं. इंग्रज पांगले, जर्मन टिकले. पुढे दोन्ही वस्त्या एक झाल्या, नाव मात्र इंग्लंडच्या राणीचंच राहिलं.

माळावर लाकूड नाही, दगड मुबलक. त्या टापूत शेताच्या कुंपणाचे खांबसुद्धा चुनखडीचे. हा दगड फोडायला सुरुंग लागत नाही. वरची माती काढायची, थर उघडा करायचा आणि सरळ रेषेत चार-सहा इंचांवर भोकं पाडायची. प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या, त्यांच्या मधोमध पाचर. मग ओळीने हलके ठोके. घाई करून एकाच पाचरेवर जोर काढला की चीर रेष सोडून भलतीकडे पळते. खाणीतून निघतो तेव्हा दगड ओला आणि मऊ असतो. वाळला की कडक होतो, म्हणून घडाई लवकर उरकलेली बरी.

1911 मध्ये चर्च पुरं झालं. लांबी 220 फूट, मनोरे 141 फूट, बसायला 1100 माणसं. अमेरिकी राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी 1912 मध्ये त्याला ‘माळरानावरचं कॅथेड्रल’ म्हटलं आणि तेच नाव रुळलं. तसं बघितलं तर कॅथेड्रल म्हणजे बिशपची गादी असलेलं चर्च, आणि ती इथे कधीच नव्हती. पण भाषणाच्या फडात नाव काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? बॅसिलिकेचा, म्हणजे पोपकडून काही निवडक चर्चना मिळणारा मान मिळायला मात्र 2014 उजाडावं लागलं.

चुनखडीच्या असल्या जुन्या भिंतींचा घात पावसापेक्षा दुरुस्तीच जास्त करते. दगडांमधल्या दरजा चुन्याने भरायच्या. चुना सच्छिद्र, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट दगडाहून कडक. ते भरलं की ओलीला दगडातूनच वाट काढावी लागते, हिवाळ्यात ती आतच गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सोलवटलेला दगड दिसला की आधी शेजारच्या दरजेवर किल्लीचं टोक ओढून बघावं. भुगा पडला तर चुना, नुसतं करकरलं तर सिमेंट.