आमची वाटचाल: पानाची डावी बाजू

तारकर्लीला निवास आणि न्याहारीचं घर चालवायचं म्हणजे खोल्या, चादरी आणि घावणे, असा आमचा सुरुवातीचा हिशेब होता. पाच खोल्या, दहा ते बारा माणसं, सकाळी घावणे-चटणी आणि चहा. पण पाहुण्यांच्या कुरबुरी लिहून ठेवायला लागल्यावर दिसलं की घावण्यांबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. चटणी आंबली होती, मिठाच्या डबीतून मीठ पडलं नाही, चहा सगळ्यांना गोडच मिळाला, मधाच्या वाटीत मुंग्या होत्या. सगळ्या तक्रारी पानाच्या डाव्या बाजूच्या आणि पेल्यांतल्या. तेव्हापासून या धंद्यात आम्ही ज्या काही सुधारणा केल्या, त्यांतल्या बहुतेक वाट्या, बरण्या आणि किटल्यांच्याच आहेत.

ओल्या खोबऱ्याची चटणी सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. मध्यम नारळाचं खवून साधारण पाव किलो खोबरं निघतं. तीन घावणे खाणारा माणूस चाळीस-पन्नास ग्रॅम चटणी घेतो, आंबोळीबरोबर थोडी कमी. म्हणजे सहा-सात माणसांना एक नारळ. एका नारळाला तीन हिरव्या मिरच्या, अर्धा इंच आलं, मूठभर कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर आणि अर्धं लिंबू, हे आमचं माप. कैरी असेल तेव्हा लिंबाऐवजी कैरीची फोड. खवताना पाठीपर्यंत खरवडलं की तपकिरी साल येते आणि चटणी काळपट दिसते, म्हणून शेवटचा थर सोडून द्यायचा आणि तो रश्शाच्या वाटणात घालायचा.

चटणी बिघडण्याची कारणं तीन. पहिलं, मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणी चिकट, तेलकट लागते. गार पाणी घालून, थांबत थांबत वाटायची. दुसरं, वाटताना घातलेलं कच्चं पाणी. उकळून गार केलेलंच पाणी वापरायला लागल्यापासून चटणीचा टिकाव लक्षात येण्याइतका वाढला. तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे टेबलावर एकच मोठा वाडगा ठेवणं. मे महिन्यात सकाळी आठला मांडलेला वाडगा साडेदहाला उठणाऱ्या पाहुण्यापर्यंत जाईतो आंबूस वास येऊ लागतो. शिवाय त्यात दहा जणांचे चमचे पडलेले असतात. पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली जंतू भराभर वाढतात, आणि आमच्याकडची सकाळ बरोब्बर त्याच्या मधोमध असते.

म्हणून आता वाडगा नाही. दोन माणसांमागे एक वाटी, शंभर ग्रॅमची, आणि उरलेली चटणी फ्रीजमध्ये. वाटी संपली की दुसरी. टेबलावर गेलेलं काहीही परत भांड्यात येत नाही. हा नियम घरातल्या माणसांच्या गळी उतरवायला सगळ्यात जड गेला, कारण कोकणात उरलेलं खोबरं टाकणं जिवावर येतं. पण वाट्या लहान केल्यावर टाकायला उरतंच फार कमी. फ्रीजमधून काढलेली चटणी घट्ट बसते, कारण खोबऱ्याचं तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून हलवली की पूर्ववत होते. पाणी घालून पातळ करण्याची घाई करू नये, मग ती सुटते ती सुटतेच. दही घातलेली चटणी आम्ही बंद केली. चव छान येते, पण ती लवकर आंबते आणि आंबट दही कुठलं, आंबलेली चटणी कुठली, हे पाहुण्याला कळत नाही.

2025 मध्ये नारळ महागला तेव्हा चटणीत डाळं वाढवण्याचा मोह झाला. एका नारळाला दोन चमचे डाळं घातलं तर फायदाच होतो, पाणी सुटत नाही. त्याहून जास्त घातलं की पिठूळ लागते आणि ती मालवणची चटणी उरत नाही. स्वस्त असेल तेव्हा नारळ खवून, पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाकणं हा बरा उपाय. वीज गेली की मिक्सर आमच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून वादळी दिवसांत पाटा-वरवंटा धुऊन तयार ठेवतो. पाट्यावरची चटणी नंतर पाहुणे मुद्दाम मागतात, ही वेगळीच पंचाईत.

शिरवाळ्यांबरोबरचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांबरोबरचा, नारळाचा रस याच जातीतला, फक्त अधिक नाजूक. जाड दूध काढायचं, चिरलेला गूळ त्यात थंडच विरघळवायचा, गाळायचा, कारण गुळात काडीकचरा असतोच, मग वेलची. गरम करायला गेलं की फाटतो. वाढायच्या तासभर आधी करायचा आणि बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवायचं. दुपारपर्यंत टिकेल या भरवशावर ठेवू नये.

मिठाबद्दल कोकणात वेगळं सांगावं लागतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर इथली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे भोकं असलेली मिठाची डबी पावसाळ्यात कितीही तांदूळ घातले तरी दोन दिवसांत बंद पडते. आम्ही त्या काळात काचेची झाकणाची लहान बरणी आणि लाकडी चमचा ठेवतो. लोखंडी किंवा मुलामा उडालेला चमचा मिठात गंजतो. साखरेला हा त्रास जरा उशिरा होतो, पण इन्स्टंट कॉफीला सगळ्यात आधी. मोठी बरणी उघडली की आठवड्यात तिचा दगड होतो. पन्नास ग्रॅमच्या बाटल्या किंवा खोलीत ठेवायला एकेका कपाच्या पुड्या, हेच परवडतं.

लोणच्याला ओला चमचा लागला की चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. मोठी बरणी टेबलावर कधीच नाही. रोज सकाळी कोरड्या चमच्याने शंभर ग्रॅम चिनीमातीच्या वाटीत काढायचं. पितळेच्या वाटीत लोणचं सुंदर दिसतं आणि तासाभरात हिरवट डाग पडतात. खारातल्या कैऱ्या आम्ही फक्त पेजेबरोबर देतो. पेज हा न्याहारीतला आमचा जुना पदार्थ आणि पाहुण्यांना नवा. रात्रभर भिजवलेले उकडे तांदूळ एक वाटी, पाणी आठ ते दहा वाट्या, मंद आचेवर पाऊण तास. सोबत मीठ, भाजका पापड, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि कैरीची फोड. आदल्या दिवशी बोटीवर ज्यांचं पोट ढवळलंय त्यांना घावण्यांपेक्षा हेच द्यावं.

सुक्या चटण्या तीनच: लसणीची, कारळाची, शेंगदाण्याची. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवलेला असतो, नाव आणि केल्याची तारीख. हे नटवण्यासाठी नाही. शेंगदाणा आणि काजू कुणाकुणाला चालत नाहीत, आणि कारळाची चटणी कोणत्या तेलात परतली हेही विचारणारे असतात. सुकं खोबरं समुद्राच्या हवेत पंधरा दिवसांत खवट होतं, त्यामुळे एका वेळी अर्धा किलोच्या वर करत नाही. जैन पाहुण्यांसाठी लसणाशिवायची चटणी वेगळ्या बरणीत, वेगळ्या चमच्याने. ओलं आलंही त्यांना चालत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. त्यामुळे त्यांच्या हिरव्या चटणीत आलं नाही आणि त्यांचा चहा सुंठ-वेलचीचा, वेगळ्या पातेल्यात.

तिखटाचे दोन प्रकार ठेवावेत, एका नारळाला तीन मिरच्यांचा आणि एका मिरचीचा. मुलं असलेली कुटुंबं दुसरा मागतात आणि तरीही मुलं सॉसच खातात. सॉसच्या पुड्या आम्ही काही महिने वापरल्या. दातांनी फाडलेले तुकडे वाऱ्याने थेट पुळणीवर जायचे, म्हणून आता वाटीत सॉस. बाटली टेबलावर ठेवली तर तोंडाशी सुकून काळी पपडी धरते.

पाव-लोणी मागणाऱ्यांसाठी लोणी वाढण्याच्या क्षणी बाहेर काढायचं. एप्रिलमध्ये ओसरीवर पाच-सात मिनिटांत वडी ढासळते. दहा ग्रॅमच्या वड्या कापून, गार बशीत, माणशी दोन. जामऐवजी हापूसचा साखरांबा किंवा गुळांबा ठेवला तर विलायतेहून आलेले मराठी पाहुणे आधी त्याच्यावरच हात टाकतात. गोडाच्या सगळ्या वाट्या पाणी घातलेल्या थाळीत उभ्या करायच्या, मुंग्यांवर याहून खात्रीचा उपाय आम्हाला सापडलेला नाही. थाळीतलं पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास.

आता पेये. चहा दहा कपांचा: सातशे मि.ली. पाणी, अर्धा लिटर दूध, पंचवीस ग्रॅम चहापूड, वीस ग्रॅम आलं, गवती चहाच्या दोन पाती. आलं ठेचून पाण्यातच पाच मिनिटं उकळायचं, दूध नंतर. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटतं, कारण आल्यातला एक घटक दुधातली प्रथिनं तोडतो आणि उकळल्यावरच तो निकामी होतो. साखर वेगळी. चहा गाळूनच थर्मासमध्ये भरायचा आणि पाऊण तासाच्या वर ठेवायचा नाही; पूड आत राहिली तर कडू, फार वेळ राहिला तर शिळा वास. गुळाचा चहा मागितला तर गॅस बंद करून, मिनिटभर थांबून गूळ घालायचा. उकळत्या चहात घातला की दूध फुटण्याची शक्यता गुळागणिक बदलते आणि कोणता गूळ दगा देईल ते आधी कळत नाही.

मे महिन्यातल्या दुधावर विश्वास ठेवू नये. पातेल्यात ओतण्याआधी पळीभर दूध उकळत्या पाण्यात टाकून बघायचं. फुटलं तर पळीभरच गेलं, दहा कप वाचले. गाडी उशिरा आली तर म्हणून दोन लिटर टिकाऊ दुधाचे डबे कपाटात असतातच. समुद्रालगतच्या विहिरीचं पाणी एप्रिलनंतर मचूळ होतं, आणि चहात ते लगेच कळतं. पूड बदलून, आलं वाढवून काही होत नाही. त्या दोन महिन्यांत चहा-कॉफीचं पाणी विकतच्या जारमधलं.

बेळगाव-बंगळूरकडच्या पाहुण्यांसाठी स्टीलचा कॉफी फिल्टर घेतला. वीस ग्रॅम पूड, दीडशे मि.ली. उकळतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं. पूड फार दाबली तर पाणी उतरतच नाही, मोकळी सोडली तर पाणचट. रात्री फिल्टर लावून सकाळी तो काढा गरम करणं टाळावं.

बोटीवर जाणाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं. डॉल्फिन बघायला सकाळी साडेसहा-सातला निघतात, डुबकी मारणारे जरा मागाहून. त्यांना दुधाचा मोठा कप आणि तळलेलं देऊ नये, लाटांवर ते परत येतं. कोरा चहा, टोस्ट, एक केळं. भरपेट न्याहारी परतल्यावर, म्हणजे आमची चटणी दोन वेळा वाटावी लागते, पहाटेची एक आणि साडेनऊची एक. आधी एकदाच वाटायचो. आंबलेल्या चटणीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येत होत्या.

परतलेल्यांच्या हातात कोकमाचा पेला. कोकमाची एप्रिल-मे मधली ताजी टरफलं एक किलो, साखर दोन किलो, काचेच्या बरणीत एकावर एक थर, तोंडाला फडकं बांधून सहा-सात दिवस उन्हात, रोज लाकडी चमच्याने ढवळायचं. साखर विरघळली की गाळायचं, हेच अमृत कोकम. ॲल्युमिनियम, पितळ वर्ज्य, आंबट रस धातूला खातो आणि चव धातूची होते. काचेची बाटली उजेडात ठेवली तर लाल रंग विटतो, म्हणून कपाटात. तीस मि.ली. अमृत कोकम, दीडशे-एकशेसत्तर मि.ली. पाणी, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढताना. साडेसातशेच्या बाटलीतून पंचवीस पेले. वळवाचा पाऊस लवकर आला की फळ पाणचट होतं आणि त्या वर्षीचं सरबत डिसेंबरच्या आत संपवावं.

इथे एक चूक हमखास होते. आगळ आणि अमृत कोकम एकाच आकाराच्या बाटल्यांत, एकाच फळीवर. आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, सोलकढीसाठी. घाईत तीच ओतली की पाहुण्याच्या हातात मिठाचं पाणी. आता आगळीच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असते, म्हणजे अंधारातही हाताला कळतं.

निघताना पाहुणे अमृत कोकमाची बाटली विकत मागतात. घरच्या टेबलावर वाढणं निराळं आणि बाटली विकणं निराळं. विकायची तर लेबलवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कुठवर वापरावं ते, तुकडीचा क्रमांक आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक लागतो, आणि सगळ्या बाटल्यांत गोडी सारखी राहायला हवी. उन्हाच्या भरवशावर केलेल्या सरबतात ती राहत नाही. त्यामुळे तूर्त आम्ही मालवणच्या बाजारातल्या बचत गटांकडे पाठवतो आणि या वर्षी साखरेची गोडी मोजायचं छोटं उपकरण घेतलंय. एप्रिलच्या टरफलांवर ते चालवून बघायचं आहे.