कुंडातलं पाणी

माघातली थंडी कणकुंबीत हाडापर्यंत जाते. पहाटे माउलीच्या देवळाजवळच्या कुंडातलं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि दिंडी पंढरपूरला निघाली. मलप्रभा नदीचा उगम इथलाच. याच डोंगरांत देगावजवळ म्हादई उगम पावते, पण ती पश्चिमेला गोव्यात उतरते. मलप्रभा मात्र आमच्यासारखी पूर्वेची वाट धरते.

आषाढात आमच्याकडं भाताची लावणी. चिखलातून पाय निघत नाही. मळण्या उरकून दाणा घरात आला की माणूस मोकळा होतो, म्हणून आजोबांपासून घरात माघी वारीच आहे.

जांबोटीपर्यंत सगळं रान. ऐन, किंजळ, जांभूळ. ऊन जमिनीवर टेकायला दहा वाजतात. अस्वलाच्या भीतीनं उजाडेपर्यंत कुणी पताकेच्या पुढं जात नाही. टाळ वाजत राहिले की जनावर आपणहून बाजूला होतं, असं जुनी माणसं सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे.

वाटेत एका गवळीवाड्यावरच्या आजी ताकाची कळशी घेऊन उभ्या होत्या. "माउली, वाईच थांबा." प्रत्येकाच्या पाया पडल्या, मग आम्ही त्यांच्या. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून रानातल्या वस्त्यांत उठायचं की राहायचं हाच विषय. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं, हेही त्याच सांगत होत्या. "पोरं जावया म्हनत्यात. खरं आमी उठलो तर हितल्या देवाला दिवा कोन लावनार?" कुणालाच उत्तर सुचेना. वीणेकरी बुवांनी वीणा त्यांच्या हातात दिली. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "येताना तीर्थ आना."

हब्बनहट्टीला नदीपात्रातल्या मारुतीचं दर्शन झालं. पावसाळ्यात हे देऊळ पाण्याखाली असतं. पुढं खानापूरची कौलं, बेळगाव, चिकोडीकडचे उसाचे फड. कानडी गावांत बायका हात धरून बसवायच्या, "बर्री, ऊटा माड्री." म्हणजे या, जेवा. अकरा दिवस असेच गेले.

पंढरीच्या वाळवंटात बुवा म्हणाले, "मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेत जाते. ही भीमा रायचूरकडं त्याच कृष्णेला मिळते. तुझं पाणी हिला तिथं भेटणारच आहे, पण आज आपण आधी भेटवू." बाटली चंद्रभागेत ओतताना माझा हात थरथरत होता.

मग तीच बाटली भरून घेतली. गवळीवाड्यावर द्यायची होती.