धवलीचं नाक

चवथीला आठ दिवस उरले होते आणि डिचोलीत धो धो पाऊस. दवाखान्यात त्या दिवशी मोठं काम एकच ठेवलं होतं, बाईंच्या धवलीचं नाक.

बाई म्हणजे मला चौथीत मराठी शिकवणाऱ्या बाई. अजून मला 'तू' म्हणतात आणि केसपेपर हातात पडला की आधी माझं शुद्धलेखन तपासतात. धवली त्यांची बारा वर्षांची पांढरीशुभ्र मांजर. तिचं आयुष्य सोप्याच्या पायरीवर दुपारच्या उन्हात लोळण्यात गेलेलं. पांढऱ्या मांजरांच्या नाकाच्या शेंड्याला आणि कानांच्या कडांना रंगद्रव्य नसतं, तिथे केसही विरळ. उन्हानं आधी लाली येते, मग खपली धरते, मग ती जखम भरतच नाही. बाई चार महिने हळद लावत होत्या, बोक्यानं ओरबाडलं असेल म्हणून. मी तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कातडीचा कर्करोग.

नाकाचा शेंडा कापून टाकणं हा सरळ उपाय होता. बाई म्हणाल्या, "शूर्पणखा करणार तू तिची?"

मग मी पुण्याच्या मित्राला फोन केला. तोही जनावरांचाच डॉक्टर, पण त्याच्याकडे इलेक्ट्रोकेमोथेरपीचं यंत्र आहे. रातोरात बसनं तो ते घेऊन आला.

बाईंना मी समजावलं ते असं. ब्लिओमायसिन हे जुनंच केमोचं औषध. पेशीच्या आत गेलं तर तिच्या डीएनएचे तुकडे करतं, पण पेशीचं आवरण त्याला सहजासहजी आत घेत नाही. दोन पट्ट्यांमध्ये गाठ धरून विजेचे अगदी छोटे झटके दिले की त्या आवरणाला बारीक छिद्रं पडतात, काही मिनिटं उघडी राहतात आणि बुजतात. तेवढ्यात औषध आत शिरतं. शिरेतून दिलेलं औषध अंगभर फिरतं, पण दार उघडतं ते फक्त पट्ट्यांच्या मधे. म्हणून डोस कमी लागतो. फ्रान्समध्ये लुईस मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991मध्ये माणसांवरचे पहिले निकाल छापले. युरोपातल्या केंद्रांनी मिळून कामाची पद्धत ठरवली ती 2006मध्ये.

"म्हणजे शॉक," बाई.

"शॉकच. पण मोजून दिलेला."

धवली साडेतीन किलोची. हिशेब केला तर 15 युनिटच्या बाटलीतलं पाव बाटलीहूनही कमी औषध लागलं. भूल दिली, नळी घातली, 11 वाजून 10 मिनिटांनी शिरेत औषध सोडलं. आता आठ मिनिटं थांबायचं, औषध गाठीत पोचेपर्यंत. तिथून पुढे साधारण वीस मिनिटांत सगळं उरकायचं, कारण नंतर रक्तातलं औषध उतरत जातं. टेबलाशी नुसतं उभं राहून आठ मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मित्र घड्याळाकडे बघत होता.

11:18ला पट्ट्या नाकाच्या शेंड्यावर चिमटल्या. मधे 6 मिलिमीटर अंतर, 780 व्होल्ट. पेडल दाबलं. धवली हललीही नाही. पडद्यावर लाल अक्षरं, विद्युतप्रवाह पुरेसा नाही.

चूक माझी होती. खपली काढून टाक, असं मित्रानं सकाळीच सांगितलं होतं. ती काढली तर भळाभळा रक्त येईल म्हणून मी ती राहू दिली होती. वाळकी खपली म्हणजे विजेच्या वाटेत पुठ्ठाच. मित्र काही बोलला नाही, ते जास्त लागलं. ओलं गॉज घेऊन मी खपली भिजवून उचलली, व्हायचं तसं रक्त आलं, टिपलं, सोनोग्राफीचं जेल चोपडलं. चार मिनिटं गेली.

पेडल दाबलं आणि धवलीचे चारही पाय एकदम ताठ झाले, मिशा थरारल्या. एकच हिसका. खरं तर झटके आठ होते, प्रत्येक सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्शाचा, पण इतके लागोपाठ की स्नायूंना तो एकच वाटतो. पट्ट्या सरकवत चार-पाच ठिकाणी दिले, भोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीलाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत, मघाशी रक्तानं डबडबलेली ती जागा फिकट पडली, वाहणं थांबलं. झटक्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात हे वाचलं होतं. पण आपल्या बोटाखाली ते होताना बघणं वेगळं.

बाई बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांचा पहिलाच प्रश्न नेमका निघाला, "एखादी पेशी सुटली असेल तर?"

इथे प्रतिकारशक्तीची गोष्ट येते. अशा रीतीनं मरणाऱ्या पेशी गुपचूप मरत नाहीत. आतला ऐवज बाहेर सांडतात, आणि शरीराच्या पहारेकरी पेशी त्यावरून शत्रूची खूण शिकतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर हाच उपचार केला तेव्हा गाठी लहान झाल्या, पण समूळ गेल्या क्वचितच. म्हणजे शेवटची झाडलोट शरीरच करतं. यावरून काही जण हा उपचार म्हणजे लसच असल्यासारखं बोलतात, ते मला पटत नाही. एका गाठीला झटके दिले म्हणून दूरच्या गाठी विरघळल्या, असं सहसा घडत नाही. म्हणून तर याच्या जोडीला इंटरल्यूकिन-12चं, म्हणजे पहारेकरी पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाचं, जनुक देऊन बघण्याचे प्रयोग कुत्र्यांवर झाले. बाईंना मी एवढंच म्हटलं, "सुटली तर पुन्हा एकदा देऊ."

काही दिवस धवलीची माती बदलताना हातमोजे घाला, हेही सांगितलं. औषध लघवीतून बाहेर पडतं.

चवथीच्या पाहुण्यांनी म्हणे विचारलं, मांजरीला काय झालं? नाक सुजलेलं, वर काळी खपली. बाईंनाही धीर धरवेना, मला दोनदा फोन. काळी पडणारच, मी म्हणालो, ओढू नका.

दसऱ्याच्या सुमाराला त्या तिला टोपलीतून घेऊन आल्या. खपली आपसूक गळली होती. डाव्या नाकपुडीपाशी तांदळाएवढी खाच, बाकी नवी गुलाबी कातडी. पायरीवर आता दुपारी गोणपाटाचा पडदा असतो, आणि धवली त्याच्या पलीकडे जाऊन बसते म्हणून बाई तिला दहा ते चार खोलीत कोंडतात.

मी केसपेपरवर लिहिलं, 'जखम पुर्ण भरली, तीन महिन्यांनी तपासणी.' बाईंनी चष्मा लावला, माझ्याच हातातलं पेन घेतलं.

"जखमेत पू नको," त्या म्हणाल्या, "पूर्णमध्ये हवा."