अकरा सेंटीमीटर

पहाटे सहाला तलावातल्या पाइपात बॅटरी मारली, पाण्याच्या पातळीची पट्टी वाचली, फडक्याने पुसून परत वाचली. संध्याकाळपेक्षा अकरा सेंटीमीटर खाली. रात्रभरात फार फार तर दीड उतरायला पाहिजे होतं.

अकरा सेंटीमीटर म्हणजे वीतभर पण नाही, पण त्या सकाळी माझ्या पोटात गोळा आला. तो का आला हे कळायला आधी आम्ही तिथे काय करत होतो ते सांगायला लागेल.

मी सिंचनाच्या कामात अठरा वर्षं आहे, त्यातली सहा खटाव तालुक्यात. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही. जुना मातीचा बांध, मध्ये दगडी मनोरा, त्यात स्पिंडलवरचं, म्हणजे फेरे देऊन वर-खाली करायच्या दांड्यावरचं, एक गेट, आणि मागे बशीसारखं पसरलेलं उथळ पाणी. मायणी, सूर्याचीवाडी, येरळवाडी या नावांमुळे आमचा भाग पक्ष्यांसाठी ओळखला जातो, मायणीला २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर झालं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात. पण उरमोडी धरणाचं पाणी आलं, तलाव फेब्रुवारी-मार्चपर्यंत काठोकाठ राहायला लागले आणि पक्षी कमी झाले. लोक विचारतात, साहेब आता तर पाणी भरपूर आहे, मग पक्षी का येईनात? अहो, भरपूर आहे म्हणूनच येईनात.

रोहित चोच उलटी करून गाळातून खाणं गाळून घेतो, त्याला पायाखाली चिखल लागतो. तलवार बदकासारखी बदकं शेपूट वर करून मान बुडवतात, त्यांची मान पोचणार फूट-दीड फूट. शेकाट्याला तर बोटभर-वीतभरच पाणी लागतं. दोन मीटर गढूळ पाण्यावर यातला कोणी काय करणार? त्यात सिप्रिनस, म्हणजे कार्प जातीचा मासा सोडलेला, तो दिवसरात्र तळ उकरतो, पाणी कायम गढूळ, ऊन तळापर्यंत जात नाही, मग पाणवनस्पती उगवत नाहीत. पूर्वी काय व्हायचं, हिवाळ्यात पाणी हळूहळू आटायचं, रोज नवा चिखल उघडा पडायचा, एप्रिल-मेमध्ये तळाला भेगा पडायच्या, गाळ घट्ट व्हायचा, मासा मरायचा, लव्हाळा-देवधान उगवायचं आणि पुढच्या पावसात त्याचं बी बदकांना मिळायचं. दुष्काळ हे काम दरवर्षी फुकट करून देत होता! अमेरिकेत मिनेसोटा-आयोवाकडे उथळ तळ्यांचं पाणी मुद्दाम उतरवतात ते ह्याचसाठी, तिकडे उघडा तळ थंडीत गोठवतात, आपल्याकडे ते काम ऊन करतं.

तर ठरलं की दिवाळीनंतर पाणी उतरवायचं. वाया नाही घालवायचं, रब्बीच्या ज्वारी-कांद्याला कालव्यातूनच द्यायचं. पण हळू. दिवसाला तीन सेंटीमीटर, जास्त नाही.

हा तीनचा आकडा माझा आहे आणि तो काढायला मी आठ दिवस कमरेएवढ्या पाण्यात खुणा केलेला बांबू घेऊन फिरलोय. त्या बाजूला तळाचा उतार साधारण शंभराला एक. म्हणजे पाणी तीन सेंटीमीटर उतरलं की तीन मीटर रुंद चिखलाची पट्टी उघडी पडते, ओली, ताजी, लाल अळ्यांनी भरलेली. पक्षी ती खातात, उद्या पुढची तीन मीटर. चाळीस हेक्टर पाण्यावर तीन सेंटीमीटर म्हणजे बारा हजार घनमीटर, म्हणजे दिवसभर पाच क्युसेकला (सेकंदाला पाच घनफूट) थोडं कमी, आमच्या गेटला चार फेरे. आणि इथे सगळे चुकतात, पाणी उतरेल तसं पसारा आक्रसतो, म्हणून फेरे कमी करत यायला लागतात, नाहीतर त्याच गेटवर पातळी रोज जास्त जास्त पडत जाते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पसारा तीस हेक्टरवर आला होता आणि आम्ही तीन फेऱ्यांवर होतो. वाऱ्याच्या लाटांनी पट्टीवर दोन-तीन सेंटीमीटरचा घोळ होतो, म्हणून मी सहा इंची पीव्हीसी पाइप तळात उभा ठोकून खाली तीन भोकं पाडली होती, आत पाणी तेलासारखं स्थिर. वरच्यांना वाटलं मी खेळतोय. पाचशे रुपयांच्या पाइपाला मंजुरी घ्यायला तीन चकरा झाल्या, शेवटी मी स्वतःच आणला.

तर अकरा सेंटीमीटर. मनोऱ्यावर गेलो, गेट तीस फेरे उघडं. कालवा तुडुंब, पाणी नुसतं धावतंय. बंद करता करताच हिशेब डोक्यात चालू होता, तीस हेक्टरवर अकरा म्हणजे तेहेतीस हजार घनमीटर, ३ कोटी ३० लाख लिटर. आमच्या तालुक्यात पाणी टँकरमध्ये मोजतात, दहा हजारी टँकर धरला तर ३,३०० टँकर एका रात्रीत.

उजाडलं तसं तलावाकडे बघितलं. अकरा मीटरचा काळा पट्टा काठाभोवती चकाकत होता. सखल जागी डबकी राहिलेली, त्यात चिलापी नुसत्या उसळत होत्या, आणि पक्षी! बगळे शेकड्याने, रंगीत करकोचे, चमचे, वर घारींचं भिरभिरं. पोरं टोपल्या घेऊन चिखलात. नऊपर्यंत दोन गाड्या भरून फोटोवाले आले, दहाला गावच्या ग्रुपवर व्हिडिओ, ‘पक्षी परत आले’. माझ्या साहेबांचा फोन, अभिनंदन, रिपोर्ट पाठवा.

मला तिथे कुणाला सांगताच येईना की हे ते पक्षी नाहीत. हे माशांवर आलेत, मासे तीन दिवसांत संपणार, मग हे जाणार. मी घरून पीठ चाळायची चाळण नेलेली असते. आदल्या दिवशीच्या काठाजवळचा ओंजळभर चिखल चाळला तर तेवीस लाल अळ्या निघाल्या, वळवळणाऱ्या, भाताच्या शितापेक्षा बारीक. तीन दिवसांनी त्याच पट्टीतला, वरच्या अंगाचा ओंजळभर चाळला. वर पापडी, खाली बोट जाईल एवढी भेग, आणि चाळणीत एक पण नाही. शेकाट्या आणि तुतवार येऊन त्या पापडीवरून चालत पाण्यापर्यंत जायचे, दोन मिनिटं थांबून उडून जायचे. अकरा मीटर जेवण एकदम वाढलं आणि वाळवून टाकलं.

शिवाय काठावरचे मोटारवाले. त्यांचे फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाची पाण्यातली तोंडं, चिखलात उघडे पडले, एका बाईची द्राक्षबाग छाटून झालेली, ती सरळ मला म्हणाली, “पाखरांसाठी आमची मोटार बंद पाडलीसा व्हय?” मी म्हणालो ताई, पाखरांसाठी नाही. मग कशासाठी, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर तात्यांकडे होतं. तात्या आमचे पाटकरी, म्हणजे कालव्यात पाणी सोडणारे, सव्वीस वर्षं ह्याच कालव्यावर, दोन वर्षांनी रिटायर होतील. चावी त्यांच्याकडेच असते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “सायेब, मीच उघडलं.”

मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो, ते आता आठवलं तरी बरं वाटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाच क्युसेकनं टेलला थेंब जात न्हाय सायेब. महिना झाला, वरचीच दोन गावं भिजत्यात. खालची माणसं रोज माझ्या दारात येत्यात. कांदा वाळला त्यांचा.”

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. अठरा वर्षं मी हे काम करतोय आणि हे मला कळायला पाहिजे होतं. मातीचा कालवा, तीन-चार क्युसेक पाणी सोडलं की ते पहिल्या पाच किलोमीटरमध्ये मुरतं आणि गवतात जातं. म्हणून तर आवर्तन असतं, ठरलेले दिवस भरून सोडायचं, टेलपासून वर भिजवत यायचं, मग बंद. पहिल्या वर्षी शिकवतात हे. मी पाण्याच्या ह्या बाजूला उभा राहून महिनाभर चिखलाच्या पट्ट्या मोजत होतो, दुसऱ्या बाजूला एकदाही गाडी घेऊन गेलो नाही. पक्षीमित्रांच्या मीटिंगा झाल्या, काठावरच्यांची मीटिंग झाली, टेलच्या एका माणसाला कुणी बोलावलं नाही. मी पण नाही.

दुपारी टेलला गेलो. एका म्हाताऱ्या आजोबांच्या वाफ्यात पाणी चमकत होतं, कांद्याची पात आडवी पडलेली होती त्यातली अर्धी उभी राहत होती. त्यांनी चहा पाजला. पक्ष्यांचा विषय मी काढला तर म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात हाच तलाव पार उघडा पडला होता, आम्ही तळात खडी फोडायला होतो, त्याच्या पुढच्या साली बदकं एवढी आली की पाणी दिसेना. म्हणजे जे मी मीटिंगमध्ये स्लाइड लावून सांगत होतो ते ह्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

मग आम्ही पद्धत बदलली, म्हणजे मी आणि तात्यांनी, कागदावर अजून काही नाही. आठवड्यातून एक रात्र गेट मोठं उघडायचं, टेलपासून वर भिजवत यायचं, मग सहा दिवस बंद. मोटारवाल्यांना आधी फोन, फूटव्हॉल्व्ह पुढे सरकवा म्हणून. पक्ष्यांसाठी हे तेवढं चांगलं नाही, हे मी मान्य करतो, वरचा अर्धा पट्टा दर वेळी वाळतो. पण खालचा अर्धा ओला राहतो. दोन जणांनी उघड्या जागेत गाळपेर, म्हणजे तलावाच्या गाळात पेरणी, करायला बैल आणले होते, त्यांना हातापाया पडून थांबवलं, पुढच्या वर्षी थांबतील असं वाटत नाही.

जानेवारीच्या शेवटी चक्रवाक आले, तलवार बदकं आली, पट्टकादंब दोन रात्री राहून गेले. फोटोवाले तेव्हा आलेच नाहीत, ते डिसेंबरात फोटो काढून गेले होते. रोहित नाही आले.

राहिलं ते रजिस्टरचं. गेटचं रजिस्टर तात्या स्वतः लिहितात, त्या रात्रीचं पान पण त्यांनी लिहिलं, त्यांच्या गोल अक्षरात. ‘रात्री ९ ला गेट ३० फेरे. टेलला पाणी पोचले. सकाळी साहेबांनी बंद केले.’ खाली सही. काहीच लपवलं नाही. वरून मला सांगण्यात आलंय की ते पान नव्याने लिहून घ्या, तीन फेरे दाखवा, म्हणजे डिसेंबरच्या त्या रिपोर्टशी जुळेल आणि तात्यांची पेन्शन पण अडकणार नाही. तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “तुमी म्हनशिला तसं. पर पाणी पोचलं हुतं एवढं ठिवा.”

मार्चअखेरीला रजिस्टर तपासणीला जातं. पान अजून आहे तसंच आहे.