मशीनला दोन महिने, सेफ्टीला सहा : घरी केलेल्या स्लायडिंग टेबल सॉचा माझा अनुभव

सुतारकाम हा काय माझा धंदा नाही, दिवसभर अकाउंट्सचं काम करतो, पण कोल्हापुरात घरामागं १० बाय १४ चा पत्र्याचा शेड आहे आणि लॉकडाऊनमध्ये लागलेला नाद काही सुटला नाही. तेव्हा प्लाय कापायचा म्हणजे हातातला ७ इंची कटर, ॲल्युमिनियमची पट्टी, दोन सी-क्लॅम्प आणि शेवटचे दोन इंच श्वास धरून. किचनचे कॅबिनेट करायला घेतले तेव्हा कळलं की एका मापाचे म्हणून कापलेले चार तुकडे चार मापांचे निघतायत. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला की कुठनं ना कुठनं उजेड दिसायचाच. रेडीमेड पॅनल सॉ, म्हणजे टेबलातनं वर आलेलं गोल ब्लेड आणि शेजारी लाकूड घेऊन सरकणारं टेबल असलेलं मशीन, लाखाच्या पुढं आणि शेडमध्ये मावतही नाही, मग म्हटलं आपणच करूया की, कोल्हापुरातलं कारखान्यांचं उद्यमनगर कशाला आहे.

फ्रेम ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची, वर १८ एमएम प्लायचे दोन थर चिकटवून त्यावर सनमायका. मोटर जुनी २ एचपी सिंगल फेज, २८८० आरपीएमची. मोटरला ४ इंची पुली, शाफ्टला ३ इंची, म्हणजे ब्लेड साधारण ३८०० नी फिरतं. ब्लेड १० इंची टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेलं), त्याच्यावर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम आधी वाचला आणि मगच पुल्या घेतल्या. मोटर आणि शाफ्ट एकाच जाड प्लेटवर, प्लेट बिजागरीवर, बोल्ट फिरवला की अख्खी प्लेट वर-खाली होते. ही प्लेट पुढं फार कामाला आली.

शाफ्ट लेथवाल्या टर्नर काकांकडनं करून घेतला. त्यांनी एकच विचारलं, "नट कुठल्या बाजूला येणार?" मी म्हटलं डावीकडं, कारण सरकणारं टेबल डावीकडं, ब्लेड बदलायला तिकडनंच हात जाणार. तर म्हणाले, "मग उलटे आटे पाडायला लागतील लेका, नाहीतर नट आपोआप ढिला होऊन ब्लेड मोकळं सुटेल तुझं." मला काय झेपलं नाही, मग त्यांनी एक वॉशर हातात फिरवून दाखवलं. ब्लेडचा वरचा भाग आपल्याकडं येतो, म्हणजे डावीकडनं बघितलं तर ब्लेड घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, आणि लाकूड ब्लेडला अडवतं तेव्हा नटाला मिळणारा झटका उलट्या दिशेचा असतो, त्या झटक्यानं नट आवळला पाहिजे, सुटता कामा नये. साधे आटे पाडून घेतले असते तर हे लिहायला बसलो असतो का देव जाणे.

सरकतं टेबल पहिल्यांदा ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलवर केलं होतं, स्वस्तात होतंय म्हणून. पूर्ण बाहेर काढलं की टोक बोटानं हलायचं. पंधरा दिवस त्याच्यावर घालवले आणि शेवटी काढून टाकलं. मग २० एमएमचे दीड मीटरचे लिनियर रेल, म्हणजे सरळ रूळ, आणि त्यांच्यावर सरकणारे चार ब्लॉक आणले, खर्च झाला पण टोकाचं हलणं संपलं. रेल ब्लेडला समांतर करायला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) टेबलावर बसवला, ब्लेडच्या एका दाताला पेननं खूण केली, पुढं असताना रीडिंग, मग तोच दात हातानं फिरवून मागं नेला आणि परत रीडिंग. (दुसरा दात घेतला तर ब्लेडचाच वाकडेपणा मोजला जातो, हे मला तीन दिवसांनी कळलं.) पहिला फरक ०.६ एमएम. रेलखाली कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घालत घालत ०.१ वर आणला.

काटकोनासाठी पाच कटची पद्धत वापरली. प्लायचा चौकोन घ्यायचा, एक बाजू कापायची, कापलेली बाजू फेन्सला, म्हणजे तुकडा टेकवायच्या सरळ पट्टीला, लावून पुढची, असं चारी बाजू फिरून झालं की पहिली बाजू परत कापायची, त्या पाचव्या कटात एक पट्टी निघते. पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरनं मोजायची, फरकाला चारनं भागायचं, तेवढी तुमची चूक त्या लांबीत. माझी पट्टी ६०० एमएम लांब, फरक १.२, म्हणजे चूक ०.३. गुण्याला ती दिसत नव्हती. दोन संध्याकाळी फेन्स ठोकत बसलो तेव्हा ०.०५ वर आली. इथवर दोन महिने, आणि मी सगळ्यांना फोटो पाठवून मोकळा, मशीन झालं म्हणून.

पहिला झटका लाईटनं दिला. साधा स्विच लावला होता. कापता कापता लाईट गेली, मी स्विच बंद करायचा विसरलो, तुकडा काढून बाजूला ठेवला आणि ब्लेडजवळचा भुसा ब्रशनं झाडत होतो. लाईट आली. ब्लेड घुईं करून सुरू. ब्रशची दांडी लांब होती म्हणून बोटं आहेत. दुसऱ्या दिवशी शेतातल्या मोटरीला असतो तसला हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर आणला, त्याच्यात कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या जोरावर धरून राहणारा स्विच असतो, लाईट गेली की तो सुटतो आणि हिरवं दाबल्याशिवाय परत धरत नाही. फक्त एक बघा, शेतकरी लोक त्याला ऑटो स्विच जोडतात, लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. दुकानदार मला पण तो देत होता, "साहेब घ्या की, सोयीचा आहे." पंपाला सोयीचा असेल. सोबत गुडघ्यानं दाबता येईल असं मोठं लाल बटण, अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच.

दुसरा झटका माझ्याच आळशीपणाचा. रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेला तुकडा मागच्या दातांवर जाऊ नये म्हणून ब्लेडच्या मागं उभा राहणारा पत्रा, तो "नंतर बसवू" म्हणून ठेवला होता. एकसारखे आठ तुकडे पाहिजे होते, तर सरकत्या टेबलवर आडवा कट आणि मापासाठी उजवीकडची फेन्स स्टॉपर म्हणून, दोन्ही एकदम. पाच तुकडे झाले. सहावा कापून सुटला, फेन्स आणि ब्लेडच्या मधे जरासा तिरका झाला, मागच्या दातांनी उचलला आणि माझ्या बरगडीच्या बाजूनं जाऊन पत्र्याच्या दारावर. मी ब्लेडच्या रेषेत उभा नव्हतो, डावीकडं टेबल ढकलत होतो, एवढंच नशीब. बाबा चहा घेऊन येत होते. दाराला पडलेला खड्डा त्यांनी बघितला, चहा ठेवला आणि काही न बोलता मोटरीची पिन काढून आत घेऊन गेले. चार दिवस दिली नाही.

त्या चार दिवसांत नाइफचं ड्रॉइंग केलं. ब्लेडचा कट ३ एमएमचा, ब्लेडचा पत्रा २.२ चा, नाइफ या दोघांच्या मधे पाहिजे, म्हणून २.५ एमएम, लेझर कटिंगवाल्याकडनं. दातांपासून ५ एमएमवर, उंची ब्लेडच्या टोकापेक्षा २ एमएम कमी. आणि बसवला त्याच बिजागरीच्या प्लेटवर, त्यामुळं ब्लेड वर-खाली केलं तरी अंतर तेच राहतं. टेबलला ठोकला असता तर दरवेळी सेटिंग करायला लागलं असतं आणि मी आठवड्यात तो काढून टाकला असता, मला माझा स्वभाव माहिताय. मापाचा स्टॉपर आता सरकत्या टेबलच्या फेन्सवरच आहे, आणि उजवी फेन्स वापरायचीच झाली तर तिला ब्लेडच्या बरंच अलीकडं एक ठोकळा क्लॅम्प करतो, माप ठोकळ्याला घ्यायचं, कापेपर्यंत तुकडा मोकळा.

अमेरिकेत सॉस्टॉपचं मशीन मिळतं, ब्लेडला बोट लागलं की ते ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबवतं. आपल्याकडं घरी असलं काही होत नाही, म्हणून तुकडा टोगल क्लॅम्पनं (दांडी पाडली की दाबून धरणारा) दाबतो आणि दोन्ही हात टेबलच्या हँडलवर. हातमोजे नाहीत, हातातला लाल दोरा पण काढून ठेवतो. ब्लेडवर पॉलीकार्बोनेटचं गार्ड आहे, भुशानं पांढरं होतं, पुसायला लागतं, वैताग आहे पण आहे.

कॅबिनेट झाले, आता गुण्यातनं उजेड येत नाही. ८ फुटी शीट मात्र अजून याच्यावर चढत नाही, ती टिंबरवाल्याकडनंच उभी चिरून आणतो. पिन वापरून झाली की बाबांकडं द्यायची, ते तिला देवघराच्या कपाटात ठेवतात.